साध्या साहित्यावर डोंगरातल्या जंगलात एक रात्र: तंबू हवाच का?

कुतूहल

नमस्कार. डोंगरातल्या जंगलात एक रात्र मुक्काम करावा, असा माझा आणि माझ्या बहिणीचा बरेच दिवसांचा विचार आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चढून जायचे, झाडीत रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायचे, इतकाच बेत आहे. दिवसभराच्या पायपिटीची आम्हा दोघींना सवय आहे, रात्रीची नाही. माहिती शोधायला बसले की जिकडेतिकडे साहित्याच्या याद्या समोर येतात आणि त्या वाचून असे वाटू लागते की, एका रात्रीसाठी निम्मे घर पाठीवर न्यावे लागते.

आमच्याकडे दोन जुन्या सॅक, एक ताडपत्री, दोन लोकरी ब्लँकेटे, एक झाकणाचे पातेले, नायलॉनची दोरी आणि दोन टॉर्च एवढे आहे. या दिवसांत पाऊस अपेक्षित नाही, पण डोंगरात खात्री कोणी द्यावी? माझे प्रश्न दोनच आहेत. ताडपत्रीवर भागेल की तंबू हवाच? आणि एकच वस्तू नवी घ्यायची झाली तर कोणती? 'सगळेच चांगले घ्या' हे उत्तर खरे असले तरी आमच्या उपयोगाचे नाही, तेव्हा ते कृपया नको.

दोरखंड

तंबू नको. एकच वस्तू घ्यायची तर अंगाखाली अंथरायची फोमची मॅट घ्या, प्रत्येकीला एक.

कारण सांगतो. रात्रीची थंडी वरून येते असे सगळ्यांना वाटते, म्हणून नवखा माणूस पांघरुणावर पांघरूण चढवतो आणि तरीही पहाटे कुडकुडत बसतो. ब्लँकेटला ऊब असते ती त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची. त्यावर आपण झोपलो की अंगाखालचा भाग दाबला जातो, हवा निघून जाते आणि पाठ जवळजवळ थेट जमिनीला लागते. जमीन मग रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. फोममधले बंद बुडबुडे वजनाखाली चपटे होत नाहीत, म्हणून ती मॅट जे काम करते ते आणखी दोन ब्लँकेटे खाली अंथरूनही होत नाही. शिवाय ती फाटली तरी तिची हवा जात नाही.

वजन वाचवायचे असेल तर खांद्यापासून कमरेखालपर्यंत पुरेल एवढी मॅट कापून न्यावी आणि पायांखाली रिकामी सॅक घालावी.

आळशी_अस्वल

माझ्या मते एकच वस्तू घ्यायची तर दोघींचे ओझे विनातक्रार वाहणारा एखादा भाऊ घ्यावा. तो घरात नसल्यास दोरखंड म्हणतात ती मॅट घ्यावी, कारण तीही तक्रार करत नाही.

संशयात्मा

दोरखंड यांच्या मॅटबद्दल दुमत नाही. 'तंबू नको' हे मात्र इतक्या ठामपणे सांगणे मला पटत नाही.

साध्या साहित्याचे कौतुक कोरड्या रात्री करणे सोपे असते. माणूस गारठतो तो बर्फातच असे नाही. तापमान शून्याच्या बरेच वर, अगदी ८-१० अंश सेल्सिअस असतानाही भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली उतरू शकते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला सुती सदरा अंगात असणे हे काही न घालण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. आधी हुडहुडी भरते, मग बोटांनी गाठ सुटत नाही, माणूस अडखळतो, शब्द जड होतात आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याला स्वतःला आपले काही बिघडले आहे असे वाटेनासे होते. दोघीच जाणार असतील तर प्रत्येकीने दुसरीच्या बोलण्याकडे लक्ष ठेवावे.

ताडपत्री वरचा पाऊस अडवते. आडवा पाऊस, जमिनीवरून वाहत येणारे पाणी आणि डास ती अडवत नाही. पहिल्याच रात्रीसाठी ओळखीत कोणाचा तंबू मागून न्यावा, असे मी सुचवेन. मागून नेलेल्या तंबूला 'नवी वस्तू' म्हणता येणार नाही, म्हणजे प्रश्नाची अटही मोडत नाही.

पानगळ

तंबू की ताडपत्री, या वादाआधी एक प्रश्न राहतो: कुठे झोपणार? जागा चुकली तर महागडा तंबूही गळतो आणि जागा साधली तर ताडपत्रीखाली शांत झोप लागते.

बहुतेक जण ओढ्याकाठची सपाट मोकळी जागा पाहून हरखतात, कारण पाणी हाताशी असते आणि दिवसाउजेडी ती सुंदर दिसते. रात्री मात्र थंड हवा जड झाल्यामुळे उतारावरून खाली घरंगळते आणि नेमकी त्या खोलगट भागात साचते. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी घटते हा हिशोब शांत, निरभ्र रात्री दरीच्या तळाशी उलटा पडतो; तळ गारठलेला असतो आणि थोडे वर चढून गेले की हवा सुसह्य लागते. त्यातच उघड्या गवतावर दव पडते, कारण आकाशाला सामोरी असलेली प्रत्येक वस्तू रात्री उष्णता बाहेर टाकून थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर जमते. झाडांचे छत डोक्यावर असले की हे बाहेर टाकणे कमी होते. दहा पावलांवरचे गवत निथळत असताना झाडाखालचा पाचोळा कोरडा राहिलेला मी पाहिला आहे.

म्हणून उतारावरच्या एखाद्या लहानशा सपाटीवर, झाडीत, ओढ्यापासून अंतर राखून आणि त्याच्या पातळीच्या चांगले वर जागा शोधावी. अगदी कड्याच्या माथ्यावर जाऊ नये, कारण तिथे वारा आणि वीज दोन्ही गाठतात. जागा ठरली की सॅक उतरवण्याआधी वर पाहावे. वाळलेली, अर्धवट मोडून अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर तिथे झोपू नये. वारा नसतानाही अशी फांदी पडू शकते. मग खाली पाहावे. पाचोळा एकाच दिशेने ओळीत साचला असेल तर ती पाण्याची वाट आहे.

मितभाषी

वाचनखूण साठवली आहे.

दोरखंड

पानगळ यांचा प्रतिसाद माझ्यापेक्षा महत्त्वाचा आहे, हे आधी मान्य करतो. संशयात्मा यांच्या आडव्या पावसाच्या मुद्द्याला उत्तर देतो.

ताडपत्री कशी बांधली यावर ती काय अडवते ते ठरते. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या उंचीला चादरीसारखी आडवी ताणली तर तिचे फक्त छप्पर होते. ३ बाय ३ मीटरची ताडपत्री असेल तर दोन झाडांमध्ये साधारण छातीच्या उंचीवर दोरी ताणावी, ताडपत्री मधोमध दुमडून तिच्यावर टाकावी आणि दोन्ही कडा जमिनीच्या जवळ खुंट्यांना बांधाव्यात. वारा ज्या बाजूने येतो तिकडे उघडे टोक येऊ देऊ नये. तिकडे उतरती कूस द्यावी आणि ती कड पार जमिनीला टेकवावी. पाऊस जोराचा असेल तर मधली दोरीही खाली आणावी. आत बसता येत नाही, पण झोपायलाच तर गेलेलो असतो.

दोन बारीक गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. झाडाच्या खोडावरून येणारे पाणी ताणलेल्या दोरीवरून चालत आत येते आणि नेमके उशाशी ठिबकते. ताडपत्रीच्या बाहेर, दोन्ही टोकांना, त्या दोरीवर वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडावी. पाणी सुतळीवरून खाली उतरते आणि आत येत नाही. दुसरे म्हणजे ताडपत्रीच्या कोपऱ्यातली कडी निखळलेली असेल तर नवी बसवण्याच्या भानगडीत पडू नये. एक गुळगुळीत गोटा कोपऱ्यात आतून धरावा, कापड त्याच्याभोवती गुंडाळावे आणि गोट्याच्या मागे दोरीचा फास आवळावा. ही पकड कडीपेक्षा घट्ट बसते.

नायलॉनची दोरी ओली झाली की सैलावते, तेव्हा ताण कमीजास्त करता येईल अशी सरकगाठ येणे आवश्यक आहे. ती घरी, डोळे मिटून मारता येईपर्यंत गिरवावी, कारण रात्री ती अंधारात आणि गार बोटांनीच मारावी लागते.

हिशोबी

सर्वांनी वस्तूंबद्दल लिहिले, वजनाबद्दल कोणी लिहिले नाही. सर्वसाधारणपणे पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवावे असे मानतात. ताई, भरलेली सॅक घरच्या काट्यावर ठेवून पाहा. जाड ताडपत्री आणि जाड लोकरी ब्लँकेट या दोन वस्तूच पुष्कळ ओझे खातात आणि पाणी तर लिटरला एक किलो या दराने निमूटपणे वाढत जाते.

या कारणासाठी मी मॅटबरोबर स्लीपिंग बॅगचाही विचार करायला सांगेन. तेवढ्याच उबेसाठी तिचे वजन ब्लँकेटपेक्षा बरेच कमी असते. ब्लँकेटच न्यायचे असेल तर दोन्ही ब्लँकेटे दोघींनी मिळून वापरावीत: शेजारी झोपावे, दोन्ही मॅटा जोडून घ्याव्यात आणि ब्लँकेटे एकावर एक पांघरून कडा दोन्ही बाजूंनी अंगाखाली खोचाव्यात. वेगवेगळे झोपण्यापेक्षा हे निश्चित उबदार होते. लोकरीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ती आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, सुताचे तसे नाही.

आळशी_अस्वल

हिशोबी यांच्या व्यवस्थेत दोन्ही बहिणींपैकी रात्री ब्लँकेट ओढणारी कोण, हा प्रश्न घरीच मिटवून निघावे.

जुनी_पायवाट

साध्या साहित्याचा विषय निघाला आहे म्हणून एमा गेटवुड या बाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटीने, एका हंगामात पूर्ण केली. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायात साधे कापडी बूट, पांघरायला एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती. त्या अकरा मुलांच्या आई होत्या, हे वाचल्यावर डोंगर त्यांना फार अवघड वाटला नसावा असे माझे मत झाले आहे.

संशयात्मा

जुनी_पायवाट यांनी गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला. पूर्वार्ध असा आहे की आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, त्याच वाटेच्या उत्तर टोकाकडून निघालेल्या गेटवुडबाई रस्ता चुकल्या, त्यांचा चष्मा फुटला आणि वनरक्षकांनी त्यांना शोधून घरी परत पाठवले. पुढच्या वर्षी त्या दक्षिणेकडून निघाल्या. साहित्य दोन्ही वर्षी साधेच होते. फरक पडला तो अनुभवाचा. माझे म्हणणे तेवढेच आहे. साधे साहित्य जाणकाराला पुरते, कारण त्याच्या जागी जाणकारी काम करते. नवख्याला ते पुरेलच असे नाही.

जुनी_पायवाट

पूर्वार्धाबद्दल आभार, आणि मुद्दा मान्य. तरीही पहिल्या प्रयत्नात त्या तंबू नसल्यामुळे परतल्या नव्हत्या, वाट चुकल्यामुळे परतल्या होत्या, हे नमूद करतो.

कुतूहल

सर्वांचे मनापासून आभार. मॅट घेण्याचे नक्की झाले. संशयात्मा, तुमचे प्रतिसाद वाचून बहीण थोडी घाबरली, पण त्यामुळेच ती आता गाठी शिकायला बसली आहे.

काही प्रश्न अजून आहेत. पाणी ओढ्याचे प्यावे का? शेकोटी करावी का? निघायची वेळ कशी ठरवावी? आणि खरे सांगायचे तर सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. रात्री आवाज आले तर काय करायचे?

निशाचर

शेवटच्या प्रश्नासाठीच मी इथे आलो असावा.

वाळलेल्या पाचोळ्यातून चालणारा उंदीर हा जंगलातला सर्वांत मोठा प्राणी आहे. म्हणजे आवाजावरून तरी तसेच वाटते. आपण जमिनीला कान लावून झोपलेले असतो, डोळ्यांना काही दिसत नसते आणि आसपास दुसरा कोणताही गोंगाट नसतो. त्यामुळे हातभर अंतरावरची खसफस मनात पावलांचे रूप घेते. आवाजाची लय ऐकायला शिकावे. थांबून थांबून होणारी बारीक खरखर लहान जिवाची असते. काटकी मोडण्याचा आवाज येतो तो वजन असलेल्या जनावराचा, आणि तेही बहुधा माणसाचा वास आला की वाट बदलते. उठून बसावे, टॉर्च लावावा, आपसात नेहमीच्या आवाजात बोलावे. पळू नये.

खरा उपद्रव त्या उंदराचाच होतो, कारण तो अन्नासाठी सॅक कुरतडतो. खाण्याचे सगळे, उष्टे पातेले आणि वास येणारा साबण एका पिशवीत घालून झोपायच्या जागेपासून दूर, झाडाला टांगावे. अस्वले असलेल्या प्रदेशात ही पिशवी जमिनीपासून निदान चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर बाहेर लोंबती असावी, आणि स्वयंपाकही झोपायच्या जागेपासून शंभर पावले लांब करावा. उशाशी खाऊ ठेवून झोपणे कुठेच नको. बूट मात्र जवळ, ताडपत्रीच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच पाय घालावा.

आळशी_अस्वल

अस्वलांचा उल्लेख झाल्यामुळे खुलासा करणे भाग आहे: चार मीटर उंची आमच्यातल्या आळशी मंडळींसाठी पुरेशी आहे.

धूरकट

पाणी उकळूनच प्यावे. ओढा कितीही नितळ दिसला तरी वरच्या अंगाला काय मेले आहे ते आपल्याला दिसत नाही. गढूळ असेल तर आधी दाट विणीच्या कापडातून गाळून घ्यावे, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटे उकळू द्यावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळते. क्लोरीनच्या गोळ्या हलक्या असतात आणि जवळ असाव्यात, पण काही परजीवींवर, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियमवर, त्यांचा भरवसा नाही.

शेकोटीबद्दल माझे मत लोकांना आवडत नाही. (नाव धूरकट असले तरी.) एका रात्रीच्या मुक्कामाला शेकोटी लागत नाही. पुष्कळ जंगलांत तिला मनाई असते, असायलाही हवी. आग वरून विझली तरी जमिनीखालच्या मुळांमध्ये आणि कुजलेल्या पाल्यात ती तासन्‌तास धुमसत राहते आणि माणसे निघून गेल्यावर बाहेर येते. ऊबही एकाच बाजूला मिळते. स्वयंपाकाला छोटा स्टोव्ह पुरे, आणि तोही बंदिस्त तंबूत पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जिथे आधीपासून दगडांचे चूल-रिंगण आहे आणि परवानगी आहे तिथे पेटवलीच, तर पाणी ओतावे, ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राखेत हात घालता येईल इतकी गार झाल्याशिवाय जागा सोडू नये.

उरलेले उकळते पाणी घट्ट झाकणाच्या धातूच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून, पांघरुणात पायांशी ठेवावे. शेकोटीची हौस याने बरीच भागते.

पानगळ

वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरात आहे: सपाट अंतराला ताशी ५ किलोमीटर धरावेत आणि चढाईच्या प्रत्येक ६०० मीटरना एक तास जादा धरावा. समजा वाट ८ किलोमीटरची आणि चढ ९०० मीटरचा आहे. तर तीन तासांहून थोडा जास्त वेळ होतो. हा आडाखा हलके ओझे आणि चांगली वाट गृहीत धरतो. मुक्कामाची सॅक, दाट झाडी आणि विश्रांती धरून मी त्याची दीडपट करतो, म्हणजे जवळजवळ पाच तास.

त्यातून जे उत्तर येईल त्यानुसार सूर्यास्ताच्या निदान तीन तास आधी मुक्कामाच्या जागी पोहोचेल अशा बेताने निघावे. दरीतून सूर्य लवकर दिसेनासा होतो आणि झाडाखाली अंधार त्याही आधी येतो. जागा शोधणे, ताडपत्री बांधणे, पाणी आणणे आणि जेवण हे सगळे उजेडात झाले, की टॉर्च केवळ झोपायच्या आधी एकदा लागतो. शक्य असेल तर एक टॉर्च डोक्याला बांधायचा असावा. दोन्ही हात मोकळे राहतात.

प्रातर्विधीचा प्रश्न कोणी विचारला नाही, पण विचारायला हवा होता. पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. त्यासाठी बागेतले छोटे खुरपे न्यावे. वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणावा.

हिशोबी

एक जोड: प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी असावी. आल्प्समध्ये रूढ झालेला संकेत असा की एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे येते. घसा बसल्यावरही शिट्टी वाजते. आणि कोणत्या वाटेने जाणार, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत न परतल्यास शोध सुरू करायचा, हे घरच्या कोणाला तरी लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले 'संध्याकाळपर्यंत येतो' कोणीच मोजत नाही. वनखात्याची परवानगी लागते का, हेही निघण्याआधी विचारून घ्यावे.

संशयात्मा

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण वाद पुष्कळ झाला आणि ताईंना निर्णय हवा आहे.

माझी हरकत ताडपत्रीला नसून पहिल्यांदाच ती उघडण्याच्या जागेला आहे. एखाद्या रात्री, शक्य तर रिमझिम पाऊस असताना, घराबाहेर मोकळ्यावर ती बांधून त्याखाली दोघींनी हेच साहित्य घेऊन झोपावे. थंडी कुठून लागते, पाणी कुठून येते, दोघींना अंग हलवायला जागा पुरते का, हे सर्व एका रात्रीत कळते आणि फसले तर दार दहा पावलांवर असते. तिथे झोप लागली तर तंबू नको, हे मीही म्हणेन. मात्र झोपतानाचे कोरडे कपडे आणि मोजे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत आणि कितीही मोह झाला तरी चालताना घालू नयेत. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवणे जिवावर येते, पण ते चालताना अंगावर वाळतात. दुसरी रात्र काढावी लागली तर कोरड्या जोडीची गरज पडू शकते.

दोरखंड

पूर्ण सहमत. आमचे दोघांचे एकमत झाल्याची नोंद धाग्यात ठळक अक्षरांत व्हावी.

कुतूहल

घराबाहेर एक रात्र काढायचे ठरले. यादी अशी झाली आहे: दोन मॅटा, ताडपत्री, दोरी आणि सुतळी, दोन ब्लँकेटे, कोरड्या कपड्यांची पिशवी, पातेले, छोटा स्टोव्ह, धातूची बाटली, गोळ्या, दोन टॉर्च आणि जादा सेल, शिट्ट्या, खुरपे, नकाशा, प्रथमोपचाराची पिशवी, शिजवावे न लागणारे एका जेवणाचे जादा अन्न आणि एक छोटी कुऱ्हाड. काही राहिले का?

पानगळ

कुऱ्हाड काढा आणि होकायंत्र घाला. खुंट्यांना लागणाऱ्या काटक्या पडलेल्या सापडतात, आणि उभे झाड तोडायचे नाही.

हिशोबी

कुऱ्हाडीच्या वजनात आणखी अर्धा लिटर पाणी बसेल. जादा सेल आणि फोन रात्री पांघरुणात, अंगाजवळ ठेवा. गारठ्यात ते लवकर उतरतात.